सत्याऐंशी किलोमीटर, सात मिनिटं

जगदेवराव शेळक्यांना काही विचारावं लागत नाही. समोरच्याचा मुलगा कुठं असतो एवढं कानावर पडलं की ते खिशातून मोबाईल काढतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि एका बोटानं दोन शहरांची नावं टाकतात. "इंदूर ते टोरांटो," ते जाहीर करतात, "बारा हजार किलोमीटरच्या थोडं वर. उड्डाणाचा वेळ चौदा तास वीस मिनिटं." आणि मग असा चेहरा करतात की जणू ते विमान ह्यांनीच परसात बसून बांधलंय.

ज्याचा मुलगा टोरांटोत आहे तो बिचारा मान डोलावतो. इंदुराहून तिकडं थेट विमान नाही, हे त्याला ठाऊक असतं. दिल्लीत बसा, मग आणखी कुठं तरी बसा, पाय सुजवा, दीड दिवसानं पोचा. पण जगदेवरावांच्या मोबाईलमधल्या त्या पानावर रांगांचा रकाना नाही आणि सुजलेल्या पायांचाही नाही. दोन विमानतळ, मधे एक सरळ रेघ आणि रेघेवर आकडा. त्या पानाला माणसं ठाऊक नाहीत. बकुळाबाईंचं मत असं की त्या पानाचं आणि त्यांच्या दिराचं म्हणूनच इतकं जमतं.

बकुळाबाईंचा थोरला रणवीर टोरांटोतच होता. चार वर्षांत एकदा येऊन गेलेला. आणि दीर दर रविवारी चहाचा कप हातात घेऊन त्यांना सांगत, "वहिनी, पोरगा चौदा तास वीस मिनिटांवर तर आहे!"

"मग जा, भावजी," बकुळाबाई म्हणत, "आणि जेवायच्या आत घेऊन या त्याला."

जगदेवराव हसत. अपमान समजायलाही थोडी अक्कल लागते, असं बकुळाबाईंना वाटे.

हे खूळ घराण्यातलंच. शेळक्यांचे खापरपणजोबा धारच्या दरबारात सांडणीस्वार होते. संध्याकाळी धारहून निघालेला लखोटा उजाडायच्या आत सांडणीवरून देवासला पोचायचा, असं घरात सांगतात. देवासला तेव्हा एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. लखोटा चुकीच्या दारात गेला तर दोन्हीकडून शिव्या. पुढं दरबार गेला, लखोटे गेले, सांडण्या कुणी विकल्या ते देव जाणे. उरलं काय, तर उंटाच्या गळ्यातलं एक पितळी घुंगरू आणि 'किती वेळात पोचलो' हे सांगायची हौस. घुंगरू देवघरात राहिलं. हौस जगदेवरावांच्या वाट्याला आली.

नोकरी तहसील कचेरीत. आधी गंधवानी, मग कुक्षी, शेवटी निसरपूर. सरकारनं त्यांना कागद लिहायला ठेवलं होतं; ते मैल मोजत बसले. कुठली बस कुठल्या फाट्यावर किती मिनिटं थांबते, ड्रायव्हर कुठं चहा घेतो, हे त्यांना तोंडपाठ. निसरपुरात धरणाचं पाणी चढलं तेव्हा लोक डोक्यावरून भांडीकुंडी वाहत होते, आणि आमचे हे शहाणे एकेकाला सांगत होते की तुझं नवं घर जुन्यापासून तीन किलोमीटर दोनशे मीटर पडेल. कुणी मारलं नाही, हे त्या माणसांचं मोठेपण.

लग्न झालं नाही त्यालाही हेच कारण. देवासला मुलगी बघायला गेले. मुलीनं पोह्यांची बशी पुढं केली. ह्यांनी मुलीकडं बघितलंच नाही; तिच्या बापाला म्हणाले, "तुमचं घर स्टँडापासून सतराशे चाळीस पावलं आहे. आमचं धारचं बाराशेच." बापानं मुलगी उज्जैनला दिली.

तेव्हापासून जगदेवराव मागच्या खोलीत राहतात. थोरले भाऊ मानाजीराव, म्हणजे बकुळाबाईंचे यजमान, त्यांना काही बोलत नाहीत. बोलायचं काम बकुळाबाईंकडं.

असा माणूस घरात असला की त्याचा एकच उपयोग होतो. शेळक्यांकडं अजून मूळ पाठवायची रीत आहे. लेक सासरी गेली की ती आपली आपण उठून माहेरी येत नाही; माहेरचा पुरुष तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणायचं. त्याच्या हाती देवघरातला नारळ द्यायचा, कुंकू लावून, लाल खणात बांधून. घरातून निघाल्यापासून लेकीच्या ओटीत पडेपर्यंत तो नारळ जमिनीला टेकवायचा नाही, परक्याच्या हातात द्यायचा नाही. बाकीच्या पुरुषांना कामं असत. जगदेवरावांना कधीच नसत. म्हणून तीस वर्षं बहिणी, चुलत बहिणी, पुतण्या, सगळ्यांना आणायला हेच. मांडीवर नारळ घेऊन, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, प्रत्येक फाटा मोठ्यानं वाचत.

यंदा पाळी वैभवीची होती. बकुळाबाईंची धाकटी.

वैभवी आणि तिचा नवरा अर्पित हैदराबादला नोकरीला. सासर देवासचं, थोरल्या पातीतलं, आणि थोरल्या पातीतलं म्हणजे काय ते सासूबाईंशी दोन मिनिटं बोललं की कळे. यमुनाबाई त्यांचं नाव. सुनेला दिवस गेल्यापासून त्या हैदराबादलाच जाऊन बसल्या होत्या. सातव्या महिन्याच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही मान्य आहे. पण मूळ आल्याशिवाय आमच्याकडं सून उंबरा ओलांडत नाही. शनिवारी आठवा लागतो आणि आठव्यात आम्ही प्रवास करू देत नाही. शुक्रवारची माझी आणि तिची तिकिटं मी काढून ठेवलीत. तुमचा मुराळी गुरुवारी दिवेलागणीच्या आत दारात आला, तर शुक्रवारी ती त्याच्याबरोबर धारला जाईल. नाही आला, तर माझ्याबरोबर देवासला. मग बाळंतपण तिथंच, आमच्याकडं."

बकुळाबाईंनी मागून वैभवीला फोन लावला. "अगं, हे काय दरबारी फर्मान? तू काही बोलत का नाहीस?"

"बोलेन ना आई. पण पोटात हे लाथा मारतंय आणि बाहेर त्या. दोघांशी एकदम नाही गं लढता येत. तू मूळ पाठव, सीधी बात."

बकुळाबाईंनी वरची खोली केव्हाच झाडून ठेवली होती. खिडकीशी पलंग, शेकायला शेगडी, जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांचा ढीग. लग्नानंतर तीन वर्षांत लेक सलग चार दिवस राहिली नव्हती. आता सहा महिने राहील, आपल्या हातचं खाईल, दुपारी डोक्याला तेल लावून घेईल. एवढंच त्यांना हवं होतं, आणि एवढं एक मुराळी वेळेवर पोचण्यावर येऊन ठेपलं होतं.

मानाजीरावांच्या डोळ्याचं सोमवारीच ऑपरेशन झालेलं. हिरवी पट्टी बांधून पडले होते. रणवीर चौदा तास वीस मिनिटांवर.

"दुसरं कुणी नाही का?" बकुळाबाईंनी विचारलं.

"सख्खा काका आहे तिचा," पट्टीखालून मानाजीराव म्हणाले.

"तेच तर दुखणं आहे."

जगदेवराव तोवर मोबाईल घेऊन हजर झाले होते. "इंदूर ते हैदराबाद, सहाशे सदुसष्ट किलोमीटर. एक तास वीस मिनिटं. विमान अकरा चाळीसचं. म्हणजे वहिनी, आपण जर साडेनऊला..."

"भावजी, ते विमान आपल्या अंगणातून उडत नाही."

"तसं धारलाही धावपट्टी आहे. गावाबाहेर."

"आहे. शेळ्या चरतात तिथं. एखादी तुम्हाला पाठीवर घेत असेल तर बघा."

विमानात जगदेवराव जन्मात बसले नव्हते. दुनियेच्या उड्डाणांच्या वेळा सांगणारा हा माणूस जमिनीपासून सगळ्यात उंच गेला असेल तो मांडूच्या गच्चीवर. बकुळाबाईंनी सगळा बंदोबस्त स्वतः केला. साडेसातला गाडी, गल्लीतल्या गणोजीची. साडेनऊपर्यंत विमानतळ. चुकायला वाव नको म्हणून तिकीट छापून सदऱ्याच्या खिशात, आणि खिशाला सेफ्टी पिन.

गुरुवारी सकाळी त्यांनी देवघरातला नारळ काढला, कुंकू लावलं, खणात बांधला आणि दिराच्या ओंजळीत ठेवला. लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "वाट्टेल ते होऊ दे. हा नारळ हातातून सोडायचा नाही. खाली ठेवायचा नाही. कुणाला द्यायचा नाही. बाकी तुम्ही काहीही विसरा, मला आश्चर्य वाटणार नाही. एवढं एक लक्षात ठेवा."

"ठेवतो, वहिनी."

गाडी गेली. बकुळाबाईंनी डिंक तळायला घेतला.

पहिला फोन आठच्या सुमाराला. "वहिनी, घाटाबिल्लोद मागं पडलं! सव्वीस किलोमीटर, एकतीस मिनिटं."

"बरं."

दुसरा सव्वानऊला. "पोचलो. पंधरा मिनिटं आधी. काय बिल्डिंग आहे!"

"बरं."

तिसरा दहा वाजता. "खिडकीची सीट मिळाली. सतरा नंबर. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं सामान काही टाकायचंय का, मी म्हटलं मुराळ्याचं सामान हातातच असतं. हसली ती."

"भावजी," बकुळाबाईंच्या एका हातात झारा आणि दुसऱ्या हाताच्या कोपरात फोन, "माझा डिंक करपतोय. आता हैदराबादेत पाय लागल्याशिवाय मला फोन करू नका. समजलं?"

"हो, हो. समजलं."

नाही समजलं. पावणेअकराला फोन पुन्हा वाजला. नाव बघितलं आणि बकुळाबाईंनी तो वाजू दिला. ह्यांना आता धावपट्टीची लांबी सापडली असणार. पाच मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी फोन उचलून पिठाच्या डब्यावर पालथा घातला आणि वर फडकं टाकलं. त्यानंतर शांत झालं. बसले एकदाचे, त्या म्हणाल्या, आणि लाडू वळायला घेतले.

दोन वाजता दार वाजलं. दारात जगदेवराव उभे होते. खिशाची सेफ्टी पिन तशीच. ओंजळीत नारळ.



"विमान?" आतून मानाजीरावांनी विचारलं.

"चुकलं, दादा."

"कसं चुकलं?"

जगदेवरावांनी नारळाकडं बघितलं. "अंदाज चुकला वेळेचा."

मग बकुळाबाईंचं तोंड सुटलं. तीस वर्षांचं एकदम आलं. "अंदाज चुकला! सगळ्या गावाला सांगत फिरता अमकं शहर किती मिनिटांवर, तमकं किती मिनिटांवर. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, तुम्हाला एका जागी वेळेवर पोचायचं होतं. दोन तास आधी नेऊन सोडलं होतं तुम्हाला! तिथं काय करत होतात? खांब मोजत होतात? तुमचे ते खापरपणजोबा रात्रीत देवास गाठत म्हणे. उंटाला अक्कल होती म्हणून गाठत असतील."

जगदेवराव मान खाली घालून ऐकत राहिले. मग पाय धुऊन देवघरात गेले, नारळ होता त्या जागी ठेवला आणि मागच्या खोलीत निघून गेले. संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती. हैदराबादेत दिवेलागण झाली. यमुनाबाईंनी फोनवर एकच वाक्य म्हटलं, "मूळ आलं नाही, विहीणबाई," आणि ते इतक्या गोड आवाजात म्हटलं की बकुळाबाईंनी रात्री लाडवांचा डबा उघडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणोजी आला. जगदेवरावांच्या चष्म्याची डबी गाडीत राहिली होती.

"भिया झोपलेत का?" तो हळूच म्हणाला. जगदेवरावांना तो इंदुरी थाटात भिया, म्हणजे भैया, म्हणे. "काकी, त्यांना जास्त बोलू नका हां. काल रडकुंडीला आले होते."

"येतीलच. विमान चुकवलं ना."

"त्यांनी कुठं चुकवलं? नारळानं चुकवलं." गणोजी बोलून गेला आणि मग तोंडावर हात ठेवला. "अरे यार. भियांनी सांगू नको म्हटलं होतं."

"गणोजी, आता सांगितल्याशिवाय तू ह्या पायरीवरून हलत नाहीस."

गणोजीच्या पोटात तसंही काही राहत नसे. परतीची सवारी मिळते का बघत तो बाहेर चहा पीत होता, तेव्हा जगदेवराव घामाघूम होऊन बाहेर आले. तपासणीच्या शिपायानं नारळ अडवला होता. हातात नेता येत नाही, म्हणाला, कायदा आहे. इथं ठेवा आणि जा. जगदेवराव म्हणाले, ठेवता येत नाही. शिपाई म्हणाला, मग सामानात टाकून या. ते रांगेतून उलटे पळत काउंटरवर गेले. तर सामान घ्यायची वेळ तीन मिनिटांपूर्वी संपलेली. ती हसलेली मुलगी म्हणाली, अंकल, सोडून द्या ना, नारळच तर आहे.

"मग म्हणाले, घरी विचारतो," गणोजी म्हणाला. "वहिनी म्हणाली सोडा, तर सोडतो. चार वेळा लावला फोन. लागत होता, पण..." त्यानं डबी पुढं केली. "वरून त्यांचं नाव दोनदा पुकारलं म्हणे माइकवर. तर हे आपले तिथंच उभे, नारळ छातीशी धरून. पूर्ण रस्ताभर मला म्हणत आले, वहिनीला सांगू नको, तिला वाटेल तिच्या नारळानं झालं."

गणोजी गेल्यावर बकुळाबाईंनी फोन काढला. दहा सत्तेचाळीस. दहा एक्कावन्न. दहा अठ्ठावन्न. अकरा सहा. चारही आकडे तिथं एकाखाली एक होते, त्यांच्या दिराला आवडतील इतके नेमके.

माफी मागायची सवय बकुळाबाईंच्या जिभेला नव्हती. त्यांनी चहा केला, आलं जास्त घातलं आणि मागच्या खोलीत स्वतः नेऊन दिला. जगदेवराव गडबडून उठले. वहिनी चहा घेऊन मागं आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"थंड होईल," त्या म्हणाल्या आणि परत आल्या. ह्या मूर्खानं भांडायला तरी हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं. निदान त्यांच्या तोंडावर नारळ तरी आपटायला हवा होता.

दहा दिवसांनी त्या वैभवीला भेटायला देवासला निघाल्या. सोबतीला पुन्हा जगदेवराव. मानाजीरावांना अजून धुळीत जायचं नव्हतं. इंदुरात बस बदलून पावणेचार तास लागले. जगदेवरावांनी वाटेत एकही फाटा वाचला नाही. बेटमा आलं, गेलं, ते खिडकीबाहेर बघत बसले. बकुळाबाईंनी तीस वर्षं ज्या शांततेसाठी नवस केले असते ती मिळाली होती, आणि ती त्यांना एक क्षण सोसवेना.

यमुनाबाईंच्या दिवाणखान्यात त्यांच्या जावा, शेजारणी बसलेल्या होत्या. वैभवी पाटावर पाय सोडून बसली होती. आईला बघून तिचे डोळे भरले, पण ती उठायच्या आत यमुनाबाईंनी सूर लावला.

"या, या, सांडणीस्वार! ह्या खेपेला सांडणी वेळेवर सापडली म्हणायची." जावा हसल्या. "अहो, एक तास वीस मिनिटं म्हणे! आम्ही दारात दिवा लावून बसलो होतो. मी म्हटलं अर्पितला, बघ रे, वरून जातायत का. उतरायला विसरले असतील." शेजारणीही हसल्या. "असल्या माणसाच्या भरवशावर लेकीला आणायची, म्हणजे धारकरांचं कौतुकच."

"अंदाज चुकला, बाईसाहेब," जगदेवराव म्हणाले. आणि हसले. नेहमीसारखेच.

ह्यातला शब्द न् शब्द बकुळाबाईंनी स्वतः कधी ना कधी बोललेला होता. ह्याहून जहरी बोललेला होता. पण तो दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकताना त्यांना तो फार हलका, फार कोता वाटला. आणि दिराचं ते हसू त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. ते हसू न कळणाऱ्या माणसाचं नव्हतं.

"अंदाज चुकला नाही," बकुळाबाई म्हणाल्या. "भावजी जवळजवळ अडीच तास आधी पोचले होते. विमानात नारळ हातात नेऊ देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. मीच त्यांना बजावलं होतं, सोडायचा नाही म्हणून. सोडू का, हे विचारायला त्यांनी चार वेळा फोन केला. मी उचलला नाही."

"का बरं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"त्यांचं नाव दिसलं म्हणून."

जगदेवराव खांबाकडं बघत होते. वैभवी काकाकडं.

यमुनाबाई जरा पुढं सरकल्या. त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता. त्याजागी चौकशी आली होती. "नारळाचं काय केलंत मग?"

"परत आणला," जगदेवराव म्हणाले.

"वाटेत टेकवलात कुठं?"

"नाही."

"चहापाण्याला?"

"घेतला नाही चहा."

"आणि..." यमुनाबाईंनी आवाज खाली आणला, "बाकीचं?"

"घरी पोचेस्तोवर गेलोच नाही, बाईसाहेब."

एका जावेला फिस्सकन हसू आलं. यमुनाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की ती उठून पाणी आणायला गेली.

"आमच्या अर्पितचा मामा इथं आला होता मला माहेरी न्यायला," यमुनाबाई म्हणाल्या. "स्टेशनावर नारळ विसरला, बाहेरून दुसरा विकत घेऊन आला. मला तो ओटीत पडल्याबरोबर कळलं होतं. शेंडी वेगळी होती. बोलले नाही. चाळीस वर्षं बोलले नाही." त्यांनी पदर सावरला. "विमान सोडलं, नारळ सोडला नाही. म्हणजे विहीणबाई, मूळ मोडलं नाही. वाटेत थांबलं. देवघरात ठेवलाय ना अजून? मग नववा लागला की तोच नारळ पाठवा. हाच माणूस पाठवा. आठव्याचं सोडून बोला, नवव्यात मी अडवणार नाही. सून धारला जाईल."

"आतलं पाणी आटलं असेल तोवर," कुणी तरी म्हणालं.

"आटू दे. आपल्याला काय प्यायचंय?"

बकुळाबाई दोघांकडं बघत होत्या. एका नारळापायी लेकीला उचलून देवासला आणणारी ही बाई, आणि एका नारळापायी लघवी तुंबवून वीस कोस परत आलेला तो बुवा. बी.ए.ला त्यांनी अख्खा मराठ्यांचा इतिहास वाचला होता, पण राज्यं का बुडाली हे इतकं स्वच्छ त्यांना कुणी समजावलं नव्हतं. फक्त ह्या दोन खुळ्यांच्या मधून त्यांची लेक घरी येत होती. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

आणि तेवढ्यात जगदेवरावांनी मोबाईल काढला.

"देवास ते धार," ते म्हणाले, चष्मा नाकावर आणत, "सत्याऐंशी किलोमीटर. उड्डाणाचा वेळ सात मिनिटं."

"सातच?" यमुनाबाईंनी मान पुढं केली. "बघू, बघू."

दोन्ही गावांना उतरायला विमान नाही, चढायला माणूस नाही. पण दोघं त्या काचेवर डोकं घालून बसले. वैभवीनं आईकडं बघून डोळे फिरवले. बकुळाबाईंनी कपाळाला हात लावला.

नववा लागल्यावरच्या बुधवारी बकुळाबाईंनी तोच नारळ काढला. हलवून बघितला, आतून आवाज आला नाही. कुंकू पुन्हा लावलं, खण बदलला. जगदेवरावांनी ओंजळ पुढं केली. ह्या वेळी त्यांनी दिराला काही बजावलं नाही. फक्त म्हणाल्या, "अडलं तर फोन करा."

"आणि नाही अडलं तर?"

बकुळाबाईंनी खणाची गाठ पुन्हा आवळली. "तरी करा."

गणोजीची गाडी गेली. बकुळाबाईंनी शेगडीवर पाणी ठेवलं, वरच्या पलंगावर चादर घातली आणि फोन कमरेला खोचला. तो अर्ध्या तासाच्या आत वाजला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"वहिनी, घाटाबिल्लोद! सव्वीस किलोमीटर, एकोणतीस मिनिटं. मागच्या खेपेपेक्षा दोन मिनिटं कमी!"

"बरं."

अर्ध्या तासानं बेटमा. मग इंदूरचा नाका. मग नाक्यावरचा सिग्नल, जो लाल होता. मग तोच सिग्नल, हिरवा झाल्यावर. बकुळाबाईंनी प्रत्येक फोन उचलला. असा बिनडोक माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि हे त्या प्रत्येक फोननंतर मनात म्हणत होत्या. साडेअकराला शेवटचा आला.

"वहिनी, पडला ओटीत," जगदेवराव म्हणाले. मागून वैभवीच्या हसण्याचा आवाज येत होता. "निघतो आता. सत्याऐंशी किलो..."

"रस्त्यानं शंभर आहे," बकुळाबाई म्हणाल्या. "सावकाश या. तिला खड्ड्यातून आपटत आणू नका. आणि भावजी, निघायच्या आधी आता तरी एकदा जाऊन या."